पहाटेचे पाच कोणाच्या घड्याळातले?

जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य उगवतो सात वाजून चौदा मिनिटांच्या सुमारास, पुण्यात त्याच्या चार-पाच मिनिटं आधी. सातच्या शाळेतलं मूल तोवर वर्गात बसून हजेरी देत असतं. म्हणजे ते साडेपाचला उठलं, सव्वासहाला व्हॅनमध्ये बसलं, आणि हे सगळं अंधारात उरकलं. याला आपण सकाळची शाळा म्हणतो. पहिल्या तासाला ते पेंगलं की रात्री मोबाइल बघत बसतोस म्हणून त्याचीच खरडपट्टी निघते. मोबाइलचा दोष असतोही. पण सूर्य उगवायच्या आत फळ्यावर गणित मांडणाऱ्यांना कोणी काही बोलत नाही.

लवकर उठण्याबद्दलचं आपलं सगळं बोलणं दोन समजुतींवर चालतं. घड्याळातला आकडा म्हणजेच सकाळ, ही एक. त्या आकड्याला ज्याला उठवत नाही तो आळशी, ही दुसरी. पहिली भूगोलात बसत नाही, दुसरी शरीरशास्त्रात. आणि परदेशातल्या लोकांबरोबर काम करायची वेळ आली की या दोन्ही समजुती एकदम अंगावर येतात.

आधी भूगोल बघू. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि ती रेघ जाते उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणून आपल्या गावाचा रेखांश ८२.५ मधून वजा करायचा आणि चारने गुणायचं. आपलं घड्याळ सूर्याच्या किती पुढे धावतंय ते कळतं. मुंबई ३९ मिनिटं, पुणे आणि पणजी ३५, कोल्हापूर ३३, नागपूर १४. म्हणजे मुंबईच्या घड्याळात पाच वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबाने चार वाजून एकवीस मिनिटंच झालेली असतात. मुंबईकर ५:३९ ला उठला तरी तो मिर्झापुरात पाचला उठलेल्या माणसाच्या बरोबरीने उठला. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रातही डहाणूच्या किनाऱ्यापासून गडचिरोलीच्या पूर्व टोकापर्यंत अर्ध्या तासाचा फरक पडतो. नागपूरच्या माणसाने मुंबईच्या माणसाला ‘आम्ही बघा कसे लवकर उठतो’ असं ऐकवण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्याकडे सूर्यच पंचवीस मिनिटं आधी येतो.

यात आणखी एक मेख आहे. मुंबईत सूर्य डोक्यावर येण्याची वेळ सरासरी १२:३९ असली तरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:२२ असते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि कक्षा लंबवर्तुळाकार आहे, म्हणून हा अर्ध्या तासाचा झोका. त्यामुळेच सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २१-२२ तारखेला येऊन गेला तरी सूर्योदय त्यानंतरही उशिरा उशिराच होत राहतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीत येतो. नाताळच्या सुट्टीनंतर मुलं उठायला जास्त कुरकुरतात. त्यात सुट्टीच्या सवयीबरोबर या वाढलेल्या अंधाराचाही वाटा असतो.

‘ब्राह्ममुहूर्तावर उठावं’ हे सांगणाऱ्यांशी माझं भांडण नाही, उलट त्यांनी ते नीट पाळावं असं माझं म्हणणं आहे. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं टिकतो. तो सूर्योदयाला बांधलेला आहे, चारच्या ठोक्याला नाही. मुंबईत जून महिन्यात सूर्योदय सहाच्या आसपास, म्हणजे मुहूर्त साधारण ४:२५ ते ५:१३. जानेवारीत तोच ५:३८ ते ६:२६. बारा महिने पहाटे चारचा गजर लावणारा माणूस जानेवारीत ब्राह्ममुहूर्ताच्याही दीड तास आधी उठून बसलेला असतो. घटका-पळांत दिवस मोजणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. गजर हातात आला आणि आपण ते विसरलो.

या ३९ मिनिटांवरून मुंबईत पूर्वी चांगलीच जुंपली होती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत आणि शहर स्वतःच्या. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी (पुण्याचं कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच) मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली आणि विरोध झाल्यावर १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगार त्याविरुद्ध उभे राहिले. त्यांना अडाणी म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण भोंगा घड्याळाच्या त्याच आकड्यावर वाजणार आणि घड्याळ ३९ मिनिटं पुढे जाणार, याचा अर्थ त्यांना बरोबर समजला होता: चाळीतून निघायचं ते पाऊण तास आधीच्या अंधारात. मुंबई वेळेचा वापर १९५५ पर्यंत टिकून होता. एका देशाला एक वेळ हवी हे मला मान्य आहे. गाड्या, तारा, बँका यांना तिच्यावाचून चालत नाही. मान्य नाही ते हे, की घड्याळ हलवलं की कामाचा आकडा मात्र जागचा हलता कामा नये.

आता शरीर. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूत जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या अगदी वर सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. माणसांना मंद उजेडात, बाहेरच्या वेळेचा पत्ता लागू न देता ठेवलं तर या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरतो. कोणाचा त्याहून थोडा कमी, कोणाचा जास्त. ज्याचा जास्त, त्याची झोप रोज थोडी पुढे ढकलली जाते आणि सकाळचा उजेड तिला रोज मागे खेचून आणतो. पेशीतलं हे घड्याळ कोणत्या जनुकांवर चालतं ते उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये जवळपास सात लाख लोकांच्या जनुकीय माहितीवरून सकाळप्रिय असण्याशी जोडलेल्या ३५१ जागा सापडल्या. एखाद्या जनुकाने कोणी निशाचर ठरत नाही, पण उंचीसारखाच हाही बराचसा वारशाने येणारा गुण आहे. बुटक्या माणसाला आपण ‘जरा मनावर घे’ म्हणत नाही.

वयाचा परिणाम त्याहून मोठा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं लवकर उठतात. बाराव्या-तेराव्या वर्षापासून झोपेची वेळ उशिराकडे सरकू लागते, विशीच्या आसपास ती सर्वांत उशिरा असते आणि मग हळूहळू परत फिरते. घरात आजोबा साडेचारला उठून खाकरतात आणि नातू दहाला उठतो, यात दोघांच्याही इच्छाशक्तीचा संबंध फार थोडा. दोघं एकाच घरात राहून वेगवेगळ्या वेळा जगत असतात.

हा फरक मोजता येतो आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कामाच्या दिवशी तुम्ही रात्री १२ ला झोपता आणि गजराने ६ ला उठता, तर झोपेचा मध्यबिंदू ३ वाजता. सुट्टीच्या दिवशी १:३० ला झोपून ९:३० ला आपोआप उठता, तर मध्यबिंदू ५:३०. फरक अडीच तासांचा. सिंगापूर आपल्यापुढे बरोबर अडीच तास आहे. म्हणजे हा माणूस शुक्रवारी रात्री सिंगापूरहून परततो आणि सोमवारी पहाटे पुन्हा सिंगापूरला जातो, वर्षभर, घर न सोडता. म्युनिकच्या टिल रोनेबर्ग यांनी या प्रकाराला सामाजिक जेटलॅग म्हटलं. एक सावधगिरी मात्र हवी: आठवडाभराची झोप बुडालेली असेल तर रविवारची उशिरापर्यंतची झोप ही निव्वळ थकबाकी असू शकते. खरा स्वभाव बघायचा तर दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीतले पहिले चार दिवस सोडून द्यावेत आणि पुढचा आठवडाभर गजराशिवायच्या वेळा टिपाव्यात.

यावर ‘मग काय, आम्ही घुबडं, आमचं काही होणार नाही’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांचंही मला पटत नाही. स्वभाव जन्माने येतो, पण शहरातल्या निम्म्या निशाचरांना ट्यूबलाइटने घडवलेलं असतं. ऑफिसातला उजेड ३०० ते ५०० लक्स. पावसाळी आभाळाखालीसुद्धा बाहेर काही हजार लक्स असतात आणि उन्हात ५०,००० च्या पुढे. दिवसभर ऑफिसात आणि रात्री झगझगीत दिवाणखान्यात बसणाऱ्याच्या मेंदूला दिवस कधी आणि रात्र कधी हे सांगणारं कोणीच उरत नाही. घड्याळ लवकरकडे आणायचं असेल तर उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं बाहेर पडावं, खिडकीच्या काचेआड बसून तेवढा परिणाम होत नाही. रात्री नऊनंतर छताचे दिवे बंद करून एखादा पिवळा दिवा ठेवावा. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही रक्तात असतं, हे लक्षात ठेवावं. आणि गजर दर दोन-तीन दिवसांनी पंधराच मिनिटं मागे घ्यावा, झोपायची वेळही तेवढीच.

बहुतेकांचं गणित फसतं ते इथेच. एक जानेवारीला गजर एकदम पाचवर. झोपायची वेळ तीच, साडेबारा. त्यातून झोपेचा शेवटचा भाग कापला जातो, आणि स्वप्नांची झोप जास्तीत जास्त त्याच भागात असते. त्याहून वाईट गोष्ट उजेडाची. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सर्वांत खाली जातं. त्यानंतर पडलेला उजेड घड्याळ लवकरकडे आणतो; त्याआधी पडलेला उजेड ते आणखी उशिराकडे ढकलतो. ज्याचं शरीर नऊला जागं होतं, त्याने पाचला उठून झगझगीत दिव्याखाली व्यायाम केला तर तो स्वतःला जास्तच निशाचर करून घेत असतो. आठव्या-दहाव्या दिवशी तो हा नाद सोडतो आणि सगळे त्याला म्हणतात, चिकाटी नाही.

याच माणसाला पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्या संध्याकाळच्या कॉलसाठी आनंदाने बसवतात. तिथे त्याचा स्वभाव कामाचा. पण सकाळी साडेनऊची स्टँडअपही (रोजची छोटी आढावा बैठक) त्याला चुकत नाही. कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. त्यांचे नऊ ते पाच आणि आपले नऊ ते सहा यांत एका मिनिटाचीही गाठ पडत नाही. कोणीतरी रात्री बसायलाच हवं हे भौगोलिक सत्य आहे. दर वेळी भारतानेच बसायचं हे मात्र कराराचं कलम आहे, आणि कलमं बदलता येतात. युरोपीय संघाच्या कामाच्या तासांच्या नियमात रोज सलग ११ तास विश्रांतीची अट आहे. तीच फूटपट्टी इथे लावली तर रात्री साडेअकराला कॉल संपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या आत बोलावता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना त्यांच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. संमती असली तरी सुरक्षेची आणि ने-आणीची जबाबदारी मालकाची. घरून घेतलेला साडेदहाचा कॉल मात्र कोणी ‘काम’ म्हणून मोजत नाही. तो मोजायला लागलं तर अर्धे कॉल आपोआप लवकर होतील, असा माझा अंदाज आहे. रात्रपाळीचं काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या गटात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये घातलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. एखाद्या कॉलने काही होत नाही. वर्षानुवर्षं चालणाऱ्या पाळीबद्दलचा हा इशारा आहे.

त्यात भर पडते वेळेच्या गोंधळाची. हा गोंधळ हुशारीच्या अभावाने होत नाही, तो ठरलेल्या तीन-चार ठिकाणी होतो आणि दर वर्षी तिथेच होतो.

सर्वांत नेमाने होणारा गोंधळ मार्चमधला. उन्हाळ्यासाठी अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा ८ आणि २९ मार्च. मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातला नेहमीचा पाच तासांचा फरक चारवर येतो. ८ मार्चपर्यंत न्यूयॉर्कची सकाळी ९ ची बैठक पुण्यात ७:३० ला आणि लंडनमध्ये दुपारी २ ला व्हायची. ८ नंतर ती पुण्यात ६:३० ला आणि लंडनमध्ये १ ला. २९ नंतर पुण्यात ६:३०, पण लंडनमध्ये पुन्हा २. पुण्याचं घड्याळ सगळा वेळ जागेवर आणि तरी उशिरा आलास म्हणून बोलणी पुणेकरालाच. शरद ऋतूत घड्याळं मागे घेताना हाच चार तासांचा फरक आठवडाभर पडतो: युरोप २५ ऑक्टोबरला मागे येतो आणि अमेरिका १ नोव्हेंबरला.

दुसरी जागा म्हणजे ‘ईएसटी’ (ईस्टर्न स्टँडर्ड टाइम, न्यूयॉर्ककडची प्रमाणवेळ) ही तीन अक्षरं. अमेरिकेतला माणूस जुलैतही सवयीने ‘नऊ वाजता, ईएसटी’ असं लिहितो. त्याला म्हणायचं असतं, माझ्या घड्याळातले नऊ, म्हणजे आपले ६:३०. पण ईएसटी हे हिवाळ्याच्या प्रमाणवेळेचं नाव आहे. काटेकोर रूपांतर केलं तर ७:३० येतात आणि तुम्ही तासभर उशिरा पोहोचता. आपल्या ‘आयएसटी’चीही तीच गत: ती भारताची, आयर्लंडची आणि इस्रायलचीही. अक्षरं टाकून द्यावीत आणि शहरं लिहावीत: ‘मंगळवार १० मार्च, न्यूयॉर्क सकाळी ९:००, पुणे संध्याकाळी ६:३०’. दोन शहरं लिहिली की एकाची चूक दुसऱ्याला पकडता येते.

दर आठवड्याच्या बैठकीचं निमंत्रण कोणत्या शहराच्या वेळेत तयार केलंय, हे आधी ठरवून घ्यावं. पुण्याच्या वेळेत केलं तर नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या माणसाची बैठक तासभर लवकर होते; न्यूयॉर्कच्या वेळेत केलं तर आपली तासभर उशिरा. दोन्ही चालतं, न सांगता केलेलं चालत नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची चूक आणखी वेगळी. ‘सगळं यूटीसीत (जगाच्या सामायिक संदर्भवेळेत) साठवा’ हा नियम घडून गेलेल्या घटनांना ठीक. पुढच्या वर्षीच्या भेटीला तो धोक्याचा. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांत घड्याळ पुढे-मागे करणंच बंद केलं. तिथल्या पुढच्या उन्हाळ्यातल्या भेटी ज्यांनी यूटीसीत साठवल्या होत्या, त्या तासाने सरकल्या. भविष्यातली भेट साठवायची ती स्थानिक वेळ आणि वेळ-विभागाचं नाव, उदाहरणार्थ ‘एशिया/कोलकाता’, या जोडीने.

मध्यरात्र ही तिसरी जागा, आणि सर्वांत महागाची. मुंबईहून परदेशी जाणारी कितीतरी विमानं रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:४५. घरातून निघायचं १४ तारखेला संध्याकाळी. १५ च्या रात्री बॅगा घेऊन पोहोचणारी कुटुंबं विमानतळावर नवी नाहीत. बैठक किंवा अर्जाची मुदत ठरवताना ‘रात्री १२’ कधीच लिहू नये, ११:५९ लिहावं. (जाता जाता: काट्यांचं घड्याळ उलटं धरलं की भारताच्या वेळेवरून लंडनची हिवाळ्यातली वेळ वाचता येते. तास-काटा किंचित चुकीच्या जागी दिसतो, पण आठ वाजता अडीचच दिसतात. लंडनच्या उन्हाळ्यात हे चालत नाही.)

अमेरिकेतल्या मराठी घरांत हाच घोळ पंचांगावरून होतो. इथल्या कॅलेंडरवरची तारीख बघून तिथे एकादशी धरतात. पण तिथी संपते तो क्षण साऱ्या जगात एकच असतो आणि दिवसाची तिथी ठरते स्थानिक सूर्योदयावरून. एखादी तिथी भारतात मंगळवारी सकाळी आठला संपत असेल तर मुंबईत मंगळवारच्या सूर्योदयाला ती चालू आहे. न्यूयॉर्कमध्ये मात्र ती उन्हाळ्यात सोमवारी रात्री साडेदहालाच संपली. तिथे तो उपास सोमवारचा.

हे सगळं ऐकून कोणी म्हणतं, घड्याळच बदला. भारताचा पसारा ६८ ते ९७ अंशांचा, सूर्याच्या हिशेबाने जवळपास दोन तासांचा. गुवाहाटीत जूनमध्ये साडेचारला सूर्योदय होतो आणि डिसेंबरात साडेचारला अंधारायला लागतं. आसामच्या चहाच्या मळ्यांत म्हणूनच ‘बागान वेळ’ चालते, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने (देशाची प्रमाणवेळ सांभाळणारी ती हीच) २०१८ मध्ये आसाम-बंगालच्या चिंचोळ्या सीमेजवळ ८९ अंश ५२ मिनिटांवर रेघ मारून ईशान्येला तासभर पुढची वेळ द्यावी असं मांडलं. ईशान्येची तक्रार खरी आहे आणि हा तोडगा तिच्यापुरता चांगला आहे. दुसरा एक प्रस्ताव मात्र महाराष्ट्राने आणि गोव्याने ठाम विरोध करण्यासारखा आहे: सबंध देशाचं घड्याळ अर्धा तास पुढे करा, वीज वाचेल. संध्याकाळची वीज वाचेलही. पण मुंबईचं घड्याळ आता सूर्याच्या ३९ मिनिटं पुढे आहे, ते ६९ मिनिटं पुढे जाईल. जानेवारीतला सूर्योदय पावणेआठला. आठच्या शाळेला निघायचं ते फटफटतानाच. वाचलेली वीज सकाळच्या दिव्यांत जाईल आणि झोप जाईल ती वेगळीच.

चीनने सबंध देशाला बीजिंगची एकच वेळ ठेवली आहे, पण पश्चिमेच्या शिनजियांगमधली कार्यालयं दहाला उघडतात. घड्याळ एक, वेळापत्रक स्थानिक. आपल्यालाही हे काही नवं नाही. उन्हाचा कडाका वाढला की जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळच्या होतात, विदर्भात तर होतातच होतात. उन्हासाठी वेळ बदलता येते, तर अंधारासाठीही येईल.

राज्याने एक पाऊल टाकलं आहे. मुलांची झोप पुरी होत नाही, हा मुद्दा तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊला किंवा त्यानंतर भरवायचे ठरलं. हेतू चांगला, पण उतरंड उलटी लावली. सहा-सात वर्षांचं मूल स्वभावानेच लवकर उठतं. सातच्या वर्गाने खरा जीव जातो तो सोळा वर्षांच्या मुलाचा, आणि निर्णयात नेमका तोच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आत सुरू करू नयेत असं सांगितलं ते याच कारणाने. ‘शाळा उशिरा केली की मुलं आणखी उशिरा झोपतील’ हा आक्षेप तिथेही होता. सिॲटलने २०१६ मध्ये ७:५० ची शाळा ८:४५ ला नेली आणि मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं: झोप ३४ मिनिटांनी वाढली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून हा कायदाच आहे.

आपल्याकडची अडचण इमारतीची आहे आणि ती खोटी नाही. शहरातल्या शाळा दोन पाळ्यांत चालतात, व्हॅनवाले काका एका गाडीत दोन फेऱ्या मारतात, आणि दुसरी पाळी फार लांबली तर डिसेंबरात सहालाच मावळत असल्याने मुली अंधारात घरी येतात. म्हणून साडेआठचा हट्ट इथे चालणार नाही. पण ७:४० चालेल. पस्तीस मिनिटांचे आठ तास आणि दहा मिनिटांची सुट्टी धरून पहिली पाळी १२:३० ला सुटते, दुसरी १२:४५ ला भरून ५:३५ ला. शिकवण्याचे रोजचे ४ तास ४० मिनिटं होतात. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीला २२० दिवसांत १,००० तास हवेत, म्हणजे दिवसाला साधारण साडेचार. शनिवारची अर्धी शाळा तेवढी त्यात बसवून घ्यावी लागेल. आणि पाळ्यांची अदलाबदल करावी: पाचवी ते सातवी सकाळी, आठवी ते दहावी दुपारी. कितीतरी शाळांत आज हे नेमकं उलट आहे.

ज्युनिअर कॉलेजांना तर दोन पाळ्यांची सबबही फारशी नाही. अकरावी-बारावीचे वर्ग सातला भरतात ते बरेचदा वरच्या वर्गांना खोल्या मोकळ्या मिळाव्यात म्हणून, किंवा दुपारच्या क्लासला मुलं मोकळी हवीत म्हणून. राज्य मंडळ स्वतः बारावीचा पेपर सकाळी अकराला घेतं, आणि त्याची तयारी मात्र दोन वर्षं सातला. सुरुवात इथूनच करता येईल, तीही चार महिन्यांपुरती: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यासाठी ना नवी इमारत लागते, ना नवी व्हॅन, ना मंत्रालयाचा आदेश. दिवाळीच्या सुट्टीनंतर जे वेळापत्रक फलकावर लागतं, त्यात पहिला तास ८:१५ चा छापायचा आणि शेवटचा त्या हिशेबाने खाली सरकवायचा. क्लासवाले आठ दिवस कुरकुरतील, मग त्यांच्याही वेळा बदलतील.